सोलोला सोडण्याआधी विद्यार्थ्याचे बिघडलेले लँडिंग बघा : मुख्य प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे मुख्य प्रशिक्षक
आणि विद्यार्थ्याच्या सोलोसाठी सही करणारे सर्व प्रशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

सोलोवर (प्रशिक्षकाशिवाय एकट्याने करायच्या उड्डाणावर) गेलेल्या विद्यार्थ्याचे विमान धावपट्टीच्या डावीकडे गवतात, नाक जमिनीत आणि प्रॉपेलरची पाती वाकलेली अशा अवस्थेत सापडले की दोन प्रश्न लगेच विचारले जातात. इंजिन बंद पडले होते का? आणि त्याचे तास किती झाले होते? पहिल्याचे उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असे येते. दुसऱ्याचे काहीही आले तरी त्यातून फारसे हाती लागत नाही. तिसरा प्रश्न क्वचित विचारला जातो आणि हे पत्र त्याच्यासाठीच आहे. या विद्यार्थ्याने बिघडलेले लँडिंग अर्धवट सोडून, प्रशिक्षकाचा हातपाय न लागता, विमान पुन्हा वर नेऊन दाखवले होते का? किती वेळा, आणि किती उंचीवरून?

आपल्याकडे सोलोचा निर्णय चांगल्या लँडिंगवर होतो. सलग तीन-चार नीट उतरली की प्रशिक्षक खाली उतरतो. पण चांगले लँडिंग करणाऱ्याला त्या क्षणी प्रशिक्षकाची गरज नसतेच. गरज लागते ती पाचव्या लँडिंगला, जेव्हा वेग १० नॉट (तासाला १० सागरी मैल) जास्त असतो आणि धावपट्टी पायाखालून सरकत असते. ते पाचवे लँडिंग आपण तपासत नाही.

हा अपघात कसा घडतो ते एकदा सावकाश पाहू, कारण प्रत्यक्षात तो सहा-सात सेकंदांत संपतो.

विमान सेस्ना १७२एस धरा. पूर्ण फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या कडेच्या, कमी वेगात उचल वाढवणाऱ्या झडपा) फायनलचा (धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याचा) नेहमीचा वेग ६० ते ७० नॉट. विद्यार्थी धावपट्टीच्या उंबऱ्यावर ७५ नॉटने येतो. ६५ च्या जागी ७५ म्हणजे वेग १५ टक्केच जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती तब्बल ३३ टक्के जास्त. फ्लेअर केला (टेकण्याआधी नाक हळूच उचलले) की विमान बसत नाही, तरंगत राहते. जमिनीलगत पंखाचा प्रेरित रोध (उचल निर्माण करताना होणारा हवेचा अडथळा) घटलेला असतो. पंखांच्या एकूण विस्ताराच्या चौथ्या हिश्श्याइतक्या उंचीवर तो सुमारे २४ टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे वेग उतरायलाही वेळ लागतो. विद्यार्थ्याला दिसते ते एवढेच, की धावपट्टी संपत चालली आहे. तो योक (विमानाचे हातातले सुकाणू) किंचित पुढे ढकलतो. नोजव्हील आधी टेकते, पुढचा स्ट्रट (चाकाचा धक्का झेलणारा दांडा) दबतो आणि उसळून नाक वर फेकतो. नाक वर म्हणजे पंखाचा समोरच्या हवेशी असलेला कोन वाढला, कोन वाढला म्हणजे विमान पुन्हा हवेत. आता उंची दीड-दोन मीटर, नाक आभाळाकडे, वेग ५५ आणि उतरता.

इथून दोन वाटा फुटतात. पहिली म्हणजे तो पुन्हा पुढे ढकलतो. दुसरी टेक पहिलीपेक्षा जोरात, तिसरी दुसरीपेक्षा. नाकाच्या वरखाली होण्याचा ठेका आणि त्याच्या हाताचा ठेका जुळत नाही. नाक वर जात असताना तो ओढतो, खाली जात असताना ढकलतो, आणि प्रत्येक दुरुस्ती पुढच्या आपटीत भर घालते. तिसऱ्या-चौथ्या टेकीला नोजगिअर मोडते किंवा फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली पत्र्याची भिंत) चुरगळते, आणि प्रॉपेलर जमिनीला लागतो. विमान जाते, माणूस बहुधा वाचतो.

दुसरी वाट जास्त घातक, कारण ती कागदावर बरोबर आहे. त्याला शिकवलेले आठवते: बिघडले तर गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर. तो थ्रॉटल झटक्यात पुढे लोटतो. आता चार गोष्टी एकाच वेळी होतात. प्रॉपेलर कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तेव्हा कमी वेग, वर उचललेले नाक आणि पूर्ण शक्ती एकत्र आली की नाक डावीकडे ओढले जाते. (टायगर मॉथसारख्या जुन्या विमानांत हे उलटे, पण आज त्यावर पहिला सोलो कोण करतो!) ट्रिम (योकवर जोर न लावता नाक ठरल्या जागी ठेवणारी जुळणी) फायनलच्या वेगासाठी, थ्रॉटल बंद असताना लावलेला असतो. पूर्ण शक्ती मिळताच तोच ट्रिम नाक आणखी वर चढवतो. ३० अंशांचा फ्लॅप वेग वाढू देत नाही. आणि उजवा हात थ्रॉटलवर असल्यामुळे हा सगळा जोर एकट्या डाव्या हाताने थोपवायचा असतो.

तेवढ्यात त्याला फ्लॅप आठवतो आणि तो दांडी थेट शून्यावर नेतो. १७२एसचा कमाल वजनावरचा स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाही तो) पूर्ण फ्लॅपला ४० नॉट आणि फ्लॅप वर असताना ४८ नॉट, हे दोन्ही आकडे वेगदर्शकावरचे. म्हणजे ५० नॉटवर असलेल्या विमानाच्या हाताशी १० नॉटची शिल्लक होती, ती फ्लॅप आत जाता जाता २ नॉटवर येते. डावीकडे वळलेल्या नाकाबरोबर डावा पंख खाली जाऊ लागतो. विद्यार्थी सहजप्रवृत्तीने योक उजवीकडे फिरवतो. डावा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलती पट्टी) खाली झुकतो, त्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि जो पंख वाचवायचा होता तोच आधी स्टॉल होतो. धावपट्टीच्या डावीकडचे गवत म्हणतात ते हेच.

या साऱ्यात, शेपटीचे रडर दाबून नाक सरळ ठेवणारा उजवा पाय कुठे होता? घोडे नेमके तिथेच अडते. ड्युअलमध्ये (प्रशिक्षकासह उड्डाणात) गो-अराउंडला प्रशिक्षकाचा उजवा पाय आपोआप पुढे जातो. त्याला कळतही नाही. फ्लेअरमध्येही त्याची दोन बोटे योकवर असतात, आणि शेवटच्या क्षणी योक मागे जाण्यात त्या बोटांचा वाटा असतो. विद्यार्थ्याला वाटते की विमान आपण उतरवले, प्रशिक्षकालाही तसेच वाटते. वहीत ‘लँडिंग समाधानकारक’ असे लिहिले जाते. आडातच नाही ते सोलोच्या दिवशी पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून पहिली मागणी साधी आहे. सोलोआधी सलग तीन सर्किट (उड्डाण, धावपट्टीभोवती फेरी आणि लँडिंग) प्रशिक्षकाने हात मांडीवर, पाय जमिनीवर सपाट आणि तोंड बंद ठेवून बसावे. तोंड बंद हे सर्वांत अवघड. ‘वेग बघ’, ‘थोडे उजवीकडे’, ‘आता हळूहळू ओढ’ ही वाक्ये म्हणजे मदतच आहे. सोलोवर ती ऐकू येणार नाहीत. तीनपैकी एकातही हात, पाय किंवा शब्द वापरावा लागला तर मोजणी पुन्हा एकपासून. हस्तक्षेप करायला उशीर करावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गरज पडली तर लगेच करावा, पण केला हे मान्य करून लिहून ठेवावे.

दुसरी मागणी गो-अराउंडच्या उंचीची. बहुतेक ठिकाणी हा सराव फायनलवर ३०० फुटांवर, प्रशिक्षकाने ‘गो-अराउंड’ म्हटल्यावर होतो. तिथे वेग पुरेसा असतो, नाक खाली असते, मनाची तयारी असते. त्या सरावाचा आणि फ्लेअरमधून वर जाण्याचा संबंध तलावात पोहण्याचा आणि पुरात पोहण्याचा जेवढा असतो तेवढाच. ३०० फुटांवरून सुरुवात करा, मग ५० फूट, मग फ्लेअरमध्ये, आणि शेवटी प्रशिक्षकाने मुद्दाम घडवलेल्या हलक्या बाउन्सनंतर (विमान टेकून उसळल्यावर). प्रत्येक टप्पा वेगवेगळ्या दोन दिवशी व्हावा. शेवटच्या काही वेळा निर्णय विद्यार्थ्याचा असावा: प्रशिक्षकाने वेग मुद्दाम वाढवून विमान हाती द्यावे आणि हा स्वतःहून सोडतो का, ते बघावे. मुद्दाम बाउन्स घडवणे प्रत्येक प्रशिक्षकाला जमेल असे नाही. ज्याला जमत नाही त्याने तो हट्ट करू नये, मुख्य प्रशिक्षकाने किंवा अनुभवी सहकाऱ्याने ते उड्डाण घ्यावे. यात कमीपणा नाही. नोजगिअर मोडण्यात आहे.

त्याआधी एक धडा उंचावर द्यायचा. जमिनीपासून किमान ३,००० फूट वर, पूर्ण फ्लॅप, थ्रॉटल बंद, ६५ नॉटवर विमान हात सोडून स्थिर राहील असा ट्रिम. आता विद्यार्थ्याला योक दोन बोटांत धरायला सांगा आणि थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत पूर्ण पुढे न्या. नाक कसे उठते, वेग कसा गळतो आणि चेंडू (विमानाची आडवी घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला) कोणत्या बाजूला पळतो, हे त्याला डोळ्यांनी बघू द्या. स्टॉलपर्यंत जायचे नाही, त्याआधी प्रशिक्षकाने विमान ताब्यात घ्यायचे. नंतर तेच पुन्हा, पण या वेळी विद्यार्थी डाव्या हाताने नाक रोखतो, उजव्या पायाने चेंडू मध्ये ठेवतो, आणि वेग स्थिरावल्यावर उजवा हात थ्रॉटलवरून ट्रिमच्या चाकावर नेतो. पहिल्यांदा हे करताना ‘इतका जोर लागतो?’ असा भाव विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर येतोच. तो ३,००० फुटांवर यावा, तीन फुटांवर नव्हे.

क्रम पाठ असावा, तोही आपल्याच विमानाचा. सेस्ना १५२ च्या हस्तपुस्तिकेत तो असा आहे: थ्रॉटल पूर्ण, कार्ब्युरेटर हीट (बर्फ साचू नये म्हणून इंजिनला दिली जाणारी गरम हवा) बंद, फ्लॅप २० अंशांवर, वेग ५५ नॉट, आणि मग उरलेला फ्लॅप हळूहळू आत. यातली कार्ब्युरेटर हीट घाईत हमखास विसरते. गरम हवा विरळ असल्यामुळे पूर्ण थ्रॉटलवरही शंभरेक आरपीएमचा फटका बसतो, आणि ११० अश्वशक्तीच्या विमानाला तो परवडत नाही. क्रमाच्या आधीही एक पायरी आहे, जी पुस्तकात ठळक नसते: थ्रॉटलबरोबर नाक क्षितिजापर्यंत खाली, वेग वाढेस्तोवर विमान धावपट्टीला समांतर. जमिनीलगत विमान कमी वेगातही उडते, पण ही जमिनीने दिलेली उसनवारी असते. पंखांच्या विस्ताराइतकी उंची गाठली की ती जवळजवळ पूर्ण संपते, आणि घाईने वर ओढलेले विमान पुन्हा खाली बसते.

बाउन्सबद्दल नियम एका वाक्यात सांगता यावा. छोटी उसळी असेल तर नाक आहे तिथे धरा, थोडी शक्ती द्या, पुन्हा बसू द्या. उसळी मोठी असेल, किंवा एकदा सावरून दुसरी आली, तर गो-अराउंड. योक पुढे ढकलणे हा पर्याय यादीतच नाही.

आता वजनाबद्दल, कारण इथे शब्द भरपूर आणि आकडे कमी सांगितले जातात. ‘सोलोवर विमान हलके वाटेल’ असे सगळेच म्हणतात. किती हलके? १५२ चे कमाल वजन ७५७ किलो. ८० किलोचा प्रशिक्षक उतरला की सुमारे साडेदहा टक्के वजन गेले. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, म्हणजे तो साधारण ५ टक्के, दोन-एक नॉट खाली येतो. तेव्हा नेहमीच्याच वेगाने आले तरी विमान नेहमीपेक्षा जास्त तरंगते, आणि वर सांगितलेल्या साखळीची पहिली कडी न चुकताच तयार होते. चढण जोरदार होते, सर्किटची उंची नेहमीच्या खुणेच्या बरीच आधी गाठली जाते. जो विद्यार्थी ‘त्या पाण्याच्या टाकीपाशी थ्रॉटल कमी’ अशा खुणेवर उडतो तो दोनशे फूट वर निघून जातो आणि मग संपूर्ण सर्किट त्या उंचीच्या मागे धावतो. त्याला आकड्यांवर उडायला शिकवा, टाकीवर नको.

प्रशिक्षक उतरण्याची दोन मिनिटेही धोक्याची असतात. इंजिन चालू असते. पंख वर असलेल्या विमानातून उतरणारा माणूस पंखाला आधार देणाऱ्या स्ट्रटच्या पुढून गेला तर तो प्रॉपेलरच्या दिशेने चालला आहे. नेहमी मागे, शेपटीच्या बाजूनेच बाहेर पडावे. उतरण्यापूर्वी उजव्या आसनाचा पट्टा आवळून बांधावा. सैल पट्टा उजव्या योकमध्ये अडकतो, किंवा दारात सापडून बाहेर लोंबकळतो आणि उड्डाणात पत्र्यावर बडवत राहतो. तो आवाज इंजिन फुटल्यासारखा येतो आणि नवख्याला घाबरवायला तेवढा पुरे. हेडसेट, नकाशा, पाण्याची बाटली काढून घ्यावी. दार बाहेरून बंद करून ओढून बघावे. आणि विद्यार्थ्याने योक आणि रडर चारही बाजूंना पुन्हा पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय टॅक्सी करू नये.

आसनाबद्दल वेगळे सांगायला हवे. सेस्नाचे पुढचे आसन रुळावर सरकते आणि खिळ भोकात बसून अडकते. भोके झिजली की खिळ अर्धवट बसते, बसल्यासारखी वाटते, आणि उड्डाणाच्या वेळी नाक वर होताच आसन मागे सरकते. माणूस हातातल्या योकला धरूनच मागे जातो. यातून जीव गेले आहेत. अमेरिकी नियामकाने १९८७ मध्ये ८७-२०-०३ क्रमांकाचा सक्तीचा आदेश काढून रूळ आणि खिळा तपासायला लावल्या त्या याचसाठी. शेजारी प्रशिक्षक असला तर तो विमान धरतो, सोलोवर कुणी नसते. आसन लावल्यावर पाय रेटून पुढे-मागे जोरात हिसका देऊन बघणे ही तपासणी-यादीतली ओळ न राहता सवय व्हावी. उंची कमी असल्यामुळे उशी वापरणाऱ्या विद्यार्थ्याला सोलोलाही तीच उशी आणि शक्यतो तेच विमान द्यावे. डोळे दोन इंच खाली आले तरी फ्लेअरची उंची चुकते.

रेडिओवरून विमान उतरवू नका. फ्लेअरमध्ये ‘ओढ, ओढ, रडर, रडर’ असे ओरडणारा प्रशिक्षक हातातल्या संचावर ऐकून आम्हाला नेहमीच धास्ती वाटते. बघायला, बटण दाबायला, बोलायला आणि विद्यार्थ्याने ऐकून हात हलवायला मिळून दोन सेकंद जातात, आणि तोवर सूचना जुन्या झालेल्या परिस्थितीची ठरते. जमिनीवरून द्यायचा शब्द एकच: ‘गो-अराउंड’. तोही लवकर, ५० फुटांच्या वर. तो कोण देणार, टॉवर की प्रशिक्षक, हे आधी ठरलेले असावे. आणि विद्यार्थ्याला हेही सांगितलेले असावे की वर जाताना उत्तर देण्याची घाई नाही. आधी विमान, बोलणे नंतर.

वाऱ्याची मर्यादा आकड्यात लिहा. १५२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा १२ नॉट आणि १७२ च्या पुस्तकात १५ नॉट असा आकडा असतो, तो कारखान्याच्या वैमानिकाने करून दाखवलेला आहे. १४ तासांच्या विद्यार्थ्याशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या मते पहिल्या सोलोला आडवा भाग ५ नॉटच्या वर नको आणि झोत असतील तर उड्डाणच नको. हिशोब तोंडी जमतो: वारा धावपट्टीशी ३० अंशांवर असेल तर निम्मा, ४५ अंशांवर सात दशांश, ६० अंशांवर जवळपास नऊ दशांश. विंडसॉककडे (वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बोट दाखवून विद्यार्थ्याला हा हिशोब करायला लावा. चुकला तर त्याच क्षणी कळेल.

बेसवरून (फायनलआधीच्या, धावपट्टीला काटकोनातल्या टप्प्यावरून) फायनलला वळतानाचा अपघात वेगळ्या जातीचा, पण मुळाशी तीच गोष्ट आहे: बिघडलेले सोडून न देणे. बेसवर मागून वारा असला की धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. ती पकडायला विद्यार्थी वळण घट्ट करतो. ३० अंश झुकावाला स्टॉलचा वेग ७ टक्के वाढतो, ४५ ला १९, ६० ला ४१. म्हणजे १७२एसचे ४८ नॉट ४५ अंशांवर ५७ होतात आणि ६० अंशांवर ६८. झुकाव वाढवायची भीती वाटली की तो आतल्या बाजूचा रडर दाबून नाक वळवतो, आणि तिथून गिरकी सुरू होते. ५०० फुटांवर ती सावरत नाही. सर्किटमध्ये ३० अंशांच्या वर झुकाव नाही, रेषा ओलांडली तर ओलांडली, सरळ वर जा आणि पुन्हा या. हे वाक्य ड्युअलमध्ये निदान दोनदा प्रत्यक्ष घडवून दाखवावे, कारण वाऱ्याच्या दिवशी हे वळण चुकवायला मुद्दाम काही करावे लागत नाही.

पहिल्या सोलोवर सगळ्यांचे डोळे असतात. मुख्य प्रशिक्षक बाहेर उभा, टॉवर सावध, सहाध्यायी फोटो काढायला तयार. आम्हाला जास्त काळजी चौथ्या-पाचव्या सोलोची वाटते. तेव्हा प्रशिक्षक पुढच्या विद्यार्थ्याबरोबर दुसऱ्या विमानात असतो, सकाळी शांत असलेला वारा अकराला उठलेला असतो, आणि मधे आठ-दहा दिवस उड्डाण झालेले नसते. सात दिवसांचा खंड पडला की आधी ड्युअलचे एक उड्डाण, त्यात फ्लेअरमधले एक गो-अराउंड, मगच सोलो. सुरुवातीच्या सोलोत टच-अँड-गो (टेकताच न थांबता पुन्हा उड्डाण) पूर्ण टाळावे. धावत्या विमानात फ्लॅप वर, ट्रिम जागेवर, कार्ब्युरेटर हीट बंद आणि दिशा सरळ, हे सगळे चार-पाच सेकंदांत करायला लावण्यात शहाणपण नाही. थांबावे, टॅक्सी करून परत यावे. वेळ आणि इंधन जास्त जाते हे खरे आहे, आणि ते जाऊ द्यावे.

शेवटचा मुद्दा लपवण्याचा. विद्यार्थ्याने सोलोवर जोरात आपटलेले विमान गुपचूप जागेवर लावले तर पुढचा विद्यार्थी चुरगळलेल्या फायरवॉलचे विमान घेऊन उडतो. नाकाच्या स्ट्रटच्या मागचा पत्रा बोटाने चाचपला तर सुरकुती लागते. प्रॉपेलरच्या टोकांवरचे ओरखडे, इंजिन माउंटच्या नळ्यांवरचा तडकलेला रंग, टायरच्या बगला आणि ब्रेकची नळी, एवढे बघायला तंत्रज्ञाला पंधरा मिनिटे लागतात, पण त्याला कळले तर. प्रॉपेलर जमिनीला लागला असेल तर पाते सरळ करून भागत नाही. इंजिन चालूच राहिले असले तरी लायकमिंगच्या ५३३ क्रमांकाच्या सेवा-पत्रकाप्रमाणे आतली तपासणी करावी लागते, कारण तो धक्का क्रँकशाफ्टने खाल्लेला असतो. आपटल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला चारचौघांत झापले, त्याचा सोलो महिनाभर रोखला, की बाकीचे सगळे गप्प बसायला शिकतात.

यात बाहेरच्या यंत्रणेवर विसंबून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १३ व्या परिशिष्टात तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. पण गंभीर घटनांच्या तपासाचे तिथले बंधन २,२५० किलोच्या वरच्या विमानांसाठी आहे. १७२एस कमाल वजनालाही १,१५७ किलोची. म्हणजे विद्यार्थ्याचे विमान डावीकडे ओढले जाऊन गवताच्या कडेवरून कसेबसे वर गेले, तर ते शोधून काढायला परिशिष्ट कुणाला बांधत नाही. ते फक्त तुमच्या संस्थेच्या वहीत राहू शकते, आणि तिथेही नसेल तर कुठेच नाही. त्याच संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात खासगी परवान्यासाठी ४० तास, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ३५, आणि त्यात किमान १० तास सोलो असे आकडे आहेत. विद्यार्थ्याने सोलो फक्त अधिकृत प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली किंवा त्याच्या परवानगीनेच करावा, असेही तिथे म्हटले आहे. ती परवानगी म्हणजे तुमची सही.

त्या सहीच्या वर ‘सोलोसाठी योग्य’ एवढेच न लिहिता पुढच्यासारखी नोंद असावी, ही आमची विनंती आहे: ‘हात-पाय न लावता सलग सर्किट ३. गो-अराउंड: ३०० फुटांवरून २, ५० फुटांवरून २, फ्लेअरमधून ३, बाउन्सनंतर २. उजवा रडर स्वतःहून, एकदा उशिरा, पुढच्या दिवशी ठीक. फ्लॅप टप्प्याने. कार्ब्युरेटर हीट एकदा विसरली. स्वतः निर्णय घेऊन सोडलेली लँडिंग २. वाऱ्याची मर्यादा: आडवा ५, झोत नाहीत.’ ज्या विद्यार्थ्याच्या नोंदीत ‘बाउन्सनंतर’ या शब्दापुढे शून्य आहे, त्याची पुढची ड्युअल कशावर घ्यायची हे मग वेगळे ठरवावे लागणार नाही.

कळावे,

आपले,
उड्डाण प्रशिक्षण, विमान देखभाल आणि अपघात तपास या कामांतले काही जण